फरशीच्या फटीतलं गवत उपटलं तरी परत येतंय? मीठ टाकायच्या आधी एवढं तपासा

सांगलीत आमच्या घराच्या फाटकापासून मागच्या न्हाणीपर्यंत साधारण साठ फूट शहाबादी फरशीची वाट आहे आणि पुढच्या बाजूला पेव्हर ब्लॉकचं छोटं अंगण. गेली चौदा वर्षं या दोन्हींच्या फटीतलं गवत मी काढतेय. नणंदेचं मिरजेचं अंगण, शेजारच्या काकूंचा बोळ, भावाच्या घरासमोरचा कोबा, इथेही हेच काम करून झालंय. तक्रार सगळीकडे एकच असते, "परवाच काढलं गं, पुन्हा आलं बघ." आणि पहिला सल्लाही सगळीकडे एकच मिळतो, मीठ टाका. तो सल्ला मी स्वतः एकदा ऐकला होता. त्याचं काय झालं ते पुढे लिहिलंय आणि जरा लांबलंय, पण ते वाचल्याशिवाय मिठाच्या पिशवीला हात लावू नका.

लक्षणं काय आहेत

उपटल्यावर आठ-दहा दिवसांत त्याच फटीतून, अगदी त्याच जागी हिरवं टोक वर येत असेल तर खाली मूळ जिवंत आहे. हे बहुतेक हराळीचं नाहीतर लव्हाळ्याचं काम.

पहिला वळीव पडून गेला आणि आठवड्याभरात सगळ्याच फटींत दोन-दोन पानांची बारीक रोपं दाटली, तर ते बियांचं गवत. घोळ, माठ, केना, दुधी, एकदांडी, गाजरगवत, यातलं काहीही असू शकतं.

भर मे महिन्यात सगळं आवार करपलेलं असताना एकच पट्टा हिरवागार असेल, तर तिथे पाणी मुरतंय. गवत हा तिथला मूळ आजार नाही.

फरशीवर हिरवट-काळा थर, पाय घसरतोय, पण उपटायला काही हाताला लागत नाही, तर ते शेवाळ. त्यावर गवताचे उपाय चालत नाहीत. कोरडं पडलं की ताठ खराट्याने घासायचं आणि ऊन, वारा लागेल असं करायचं. त्याबद्दल इथे एवढंच.

फरशी उचलली गेलीय, ब्लॉक हलतोय किंवा भिंतीच्या पायातून पिंपळाची तांबूस पालवी डोकावतेय, असं असेल तर मधलं सगळं सोडून थेट "सातवी" आणि "इथे थांबा आणि माणूस बोलवा" या भागांकडे जा.

पहिली तपासणी: एक रोप मुळासकट काढून हातात घ्या

याला एक पैसाही लागत नाही आणि नेमकं हेच कुणी करत नाही. पाणी टाकून फट भिजवा, अर्धा तास जाऊ द्या. मग खुरप्याचं टोक नाहीतर जुना स्क्रू ड्रायव्हर फटीत घालून रोप अख्खं वर काढा.

काडी दोन बोटांत फिरवून बघा. तिकोनी लागली तर लव्हाळा, गोल लागली आणि पेरापेराला मुळं फुटलेली दिसली तर हराळी. लव्हाळा सावकाश ओढला तर खाली काळपट-तपकिरी गाठ लागते, वाटाण्याएवढी किंवा थोडी मोठी. तिला तारेसारखं बारीक मूळ आणि त्या मुळाच्या दुसऱ्या टोकाला दुसरी गाठ. नखाने खरवडून वास घेतलात तर दिवाळीची आठवण येईल, कारण हाच नागरमोथा उटण्यात असतो. ओढताना तार तुटली आणि गाठ आत राहिली, तर तुम्ही फक्त पानं काढलीत. गाठ आठवडाभरात नवीन पान वर पाठवते.

हे आधी कळायला हवं, कारण बियांच्या रोपाला एकदा मारलं की ते संपतं. हराळी आणि लव्हाळ्याला परत परत मारावं लागतं, नाहीतर खणून काढावं लागतं. कोणता शत्रू आहे हे न बघता उपाय केला की उपायच वाईट, असं वाटायला लागतं.

गाजरगवत असेल तर उघड्या हाताने धरू नका. १९५५च्या सुमारास ते पुण्यात पहिल्यांदा आढळलं आणि आज एकही बांध त्याच्यावाचून नाही, कारण एका झाडाला हजारोंनी बी धरतं. हातमोजे घाला, बाह्या खाली सोडा आणि पांढरी फुलं यायच्या आधीच उपटा. अंगाला खाज सुटून पुरळ उठलं तर त्या माणसाने ते काम तिथेच थांबवायचं आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायचं. पुढच्या वेळी त्रास कमी होत नाही, वाढतच जातो.

घोळ उपटून तिथेच टाकू नका. तिची देठं जाड, पाणीदार असतात. ओल्या जागी पडलेला तुकडा पुन्हा मूळ धरतो. थेट बादलीत टाका.

दुसरी: पाणी कुठून येतंय ते बघा

सकाळी दहा वाजता वाटेवरून एक फेरी मारा. सगळी फरशी वाळलेली असताना कुठे ओल आहे? नळाची तोटी ठिबकतेय का, टाकी भरून वाहतेय का, कूलरचं पाणी कुठे जातं, भांडी घासलेलं पाणी मोरीत जाण्याऐवजी बोळात येतंय का? काकूंच्या बोळात तीन वर्षं केनाच केना होता. सगळे उपाय झाले. शेवटी कळलं की गच्चीच्या पाइपला खाली कोपराच नव्हता, पागोळीसारखं पाणी थेट फटीत पडत होतं. कोपरा बसवून पाणी गटारात सोडलं, पुढच्या वर्षी खुरपं लागलं नाही.

ओल थांबवल्याशिवाय पुढचं काही करू नका. फट ओली आहे तोवर जे माराल त्याच्या जागी दुसरं येईल.

तिसरी: खराटा

फटीतलं बहुतेक बी वरून येतं. वाऱ्याने धूळ येते, धूळ सांध्यात साचते, तिच्यावर पाला कुजतो आणि बोटभर माती तयार होते. बी पडायला एवढं पुरतं. २०१९च्या महापुरानंतर आमच्या भावाच्या अंगणात हे डोळ्यांनी बघितलं. पाणी ओसरलं तेव्हा चिकट गाळ फटीफटीत बसला होता. वरची फरशी धुतली, फटी तशाच राहिल्या, आणि दिवाळीपर्यंत कधी न बघितलेली रोपं उगवली.

म्हणून आठवड्यातून दोनदा कोरडा, ताठ खराटा फटीच्या दिशेने मारायचा. आडवा मारला की धूळ एका फटीतून निघून दुसऱ्या फटीत जाते. पाण्याचा पाइप लावून धुण्याची सवय सोडा. त्याने बी आत ढकललं जातं आणि वर पाणीही मिळतं.

चौथी: उकळतं पाणी

घरगुती उपायांत माझा सगळ्यात भरवशाचा उपाय हाच. फक्त तो नीट केला पाहिजे.

पाणी खळखळ उकळलेलं हवं. बंबातलं पाणी हाताला चटका देतं, पण ते उकळलेलं नसतं. त्याने पानं नुसती मलूल होतात आणि संध्याकाळी परत ताठ होतात. गॅसवर उकळलेलं पाणी तोटीच्या किटलीत घ्या आणि किटली फटीच्या अगदी जवळ नेऊन बारीक धारेने सोडा. उंचावरून ओतलं की पाणी पसरतं आणि निवतं. दोन लिटरच्या किटलीत मी चार-पाच फूट सांधा करते, त्याहून जास्त नाही. पाणी पडताक्षणी पान गडद हिरवं, ओलं आणि लुळं दिसतं, पालक शिजल्यावर दिसतो तसं. पेशी फुटतात म्हणून. दुसऱ्या दिवशी त्याचा पेंढा झालेला असतो.

बटाटे, अंडी उकडलेलं पाणीही गरम गरम चालतं. ओल्या शेंगा उकडलेलं पाणी मात्र नको, त्यात मीठ असतं.

वेळ महत्त्वाची. पहिल्या वळवानंतर दहा-बारा दिवसांनी बी उगवून रोप दोन-चार पानांचं असतं. त्या आठवड्यात एक फेरी केली की बियांचं गवत जवळपास निकालात निघतं. हराळीला दर आठ-दहा दिवसांनी, नवीन टोक दिसलं की लगेच, चार-पाच फेऱ्या लागतात. खालच्या मुळात साठवलेलं अन्न खर्चून ती पान वर काढते. पानाने ऊन खाऊन ते अन्न परत भरायच्या आत आपण ते जाळायचं. मध्ये तीन आठवडे गेले की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. लव्हाळ्याच्या गाठी चार-सहा इंच खाली असतात, तिथवर पाणी पोचेपर्यंत कोमट झालेलं असतं. त्यामुळे लव्हाळ्यासाठी हा उपाय अपुरा आहे.

पायात बंद बूट घाला, स्लिपर नको. पोरं आणि कुत्रं घरात. बादलीने उकळतं पाणी नेऊ नका. आणि वाटेखालून वरच्यावर पीव्हीसी पाइप गेला असेल तर त्या जागी हा उपाय नको, उकळत्या पाण्याने तो पाइप मऊ पडतो.

पाचवी: व्हिनेगर, पण आधी दगड ओळखा

पांढऱ्या व्हिनेगरच्या बाटलीवर ४ किंवा ५ टक्के लिहिलेलं असतं. एवढ्या आंबटपणाने कोवळी रोपं, दोन-चार पानांची, कडक उन्हात करपतात. लिटरला चमचाभर भांड्यांचा साबण घातला तर थेंब पानावर टिकतो, घरंगळत नाही. हराळी-लव्हाळ्याची पानं जळतात, मूळ हसत राहतं.

पण आपल्याकडे एक अडचण आहे. शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीचा दगड, आणि आंबट चुन्याला खातं. खात्री करायची असेल तर कोपऱ्यातल्या एका फरशीवर अर्धं लिंबू पिळा, दहा मिनिटांनी पुसा. जागा फिकट झालेली आणि बोटाला खरखरीत लागेल. पेव्हर ब्लॉक आणि कोबा सिमेंटचे, तेही हळूहळू झिजतात. काळ्या दगडाच्या, म्हणजे बेसॉल्टच्या (कडप्प्याच्या नव्हे), वाटेला व्हिनेगरने काही होत नाही. तुमच्याकडे काळा दगड असेल तर खुशाल वापरा, शहाबादी असेल तर राहू द्या.

संडासचं ॲसिड तर कुठल्याच वाटेवर नको. गवत करपतं, पण सांध्यातलं सिमेंटही विरघळतं आणि फट रुंद होते. म्हणजे पुढच्या गवताला आपणच जागा करून देतो. आणि ॲसिड किंवा व्हिनेगर ब्लिचिंग पावडरशी कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद बोळात तो छातीत गेला तर जिवावर बेततं.

रॉकेल, डिझेल, गाडीचं जळकं ऑइल यांच्याबद्दल सांगायचं तर, ज्यांच्या आवारात बोअर किंवा आड आहे त्यांनी ते पाणी आपणच पितो हे लक्षात ठेवावं.

आणि मीठ

माझं माहेर वाळवा तालुक्यातलं. लहानपणी वडिलांच्या उसाच्या रानात एक तुकडा होता, तिथे ऊस गुडघ्याच्या वर जायचा नाही. थंडीत सकाळी त्या तुकड्यावर पांढरं फूल आलेलं असायचं आणि अनवाणी चाललं की पायाखाली पापुद्रा करकरायचा. पाटाचं पाणी वर्षानुवर्षं जास्त दिलं, काळ्या जमिनीतून निचरा झाला नाही, खालचे क्षार वर आले. क्षारपड. हा शब्द कृष्णाकाठी कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सच्छिद्र पाइप जमिनीखाली घालून निचरा काढणं हा त्याच्यावरचा उपाय, आणि तो किती खर्चाचा असतो ते आमच्या घराने सोसलंय.

हे सगळं बघितलेलं असूनही लग्नानंतर, या घरात आल्यावर दुसऱ्याच वर्षी मी वाटेवर दहा किलो जाडं मीठ टाकलं. कुणीतरी खात्रीचा उपाय म्हणून सांगितलं आणि वाट तर काय, तिथे कुठे पीक घ्यायचंय, असं वाटलं. पहिला पावसाळा वाट स्वच्छ राहिली. मग वाटेच्या कडेच्या मोगऱ्याची पानं टोकाकडून करपायला लागली. त्याच्यापुढचा कढीपत्ता, सासूबाईंनी बारा वर्षं वाढवलेला, पुढच्या उन्हाळ्यात वाळला. भिंतीच्या पायाला वीतभर उंच लोणा फुटला, हात लावला की रंगाचे पोपडे हातात यायचे. मीठ पाण्याबरोबर वाटेवरून मातीत गेलं, मातीतून भिंतीत गेलं. ते मरत नाही, कुजत नाही, उडून जात नाही.

आणि त्या वाटेवर सगळ्यात आधी काय परत आलं? हराळी. तीच हराळी, जी क्षारपड रानातही तग धरून असते. मीठ सोसणारं गवत शिल्लक राहिलं आणि न सोसणारी झाडं गेली.

खाण्याच्या सोड्याचंही तेच. त्यातही सोडियम असतं. काळ्या मातीत सोडियम चिकटून बसलं की मातीचे कण सुटे होतात, पाणी खाली जायची वाट बुजते आणि वर चिखल, वाळला की दगड. मीठ-व्हिनेगर-साबण असं तिन्ही एकत्र करून सांगतात, त्यातलं मीठ काढून टाका.

सहावी: फट खरवडा आणि भरा

वर्षभर वरचे उपाय करूनही गवत येत असेल तर फटच मोकळी आहे. रिकामी फट म्हणजे कुंडी. काम उन्हाळ्यात करायचं, एप्रिल-मेमध्ये. काळी माती उन्हाने आकसते, फटी उघडतात, आतली घाण सहज निघते. शिवाय लव्हाळ्याच्या गाठी खणून उन्हात पसरल्या की वाळून मरतात. पावसाळ्यात खणलं तर त्या नुसत्या विखुरतात आणि एकाच्या दहा होतात.

जुन्या विळ्याचं टोक वाकवून घ्या, त्याने फट किमान इंचभर खोल साफ करा. आत हराळीची मुळी दिसली तर ती तुटेपर्यंत न ओढता दोन्ही बाजूंनी मोकळी करत जा. मग कोरड्या खराट्याने झाडा. शहाबादीच्या सांध्यात एकास तीन सिमेंट-वाळू दाबून भरा आणि सात दिवस पाणी मारा. पेव्हर ब्लॉकला सिमेंट नको, ते ब्लॉक थोडे हलावेत अशीच त्यांची रचना असते. त्यांच्या फटीत कोरडी बारीक कच खराट्याने झाडत झाडत गच्च भरा, वरून पाणी शिंपडा, खाली बसली की पुन्हा भरा. पहिल्या पावसानंतर परत एकदा बघा. आमच्या अंगणात हे करायला एक ट्रॅक्टर कचही लागली नाही, पाच-सहा घमेली पुरली.

सातवी: फरशी उचलणं

लव्हाळा फरशीच्या खाली पसरला असेल किंवा फरश्या खालीवर झाल्या असतील तर भरलेला सांधा टिकत नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, सांधा दरवर्षी तडकतो. फरशी उचलून खालची माती वीतभर काढायची, गाठी वेचायच्या, मुरूम घालून चोपायचा आणि ढाळ देऊन फरशी परत बसवायची. दहा फुटाला दीड इंच ढाळ पुरतो. एक-दोन फरश्या असतील तर घरी जमतं. उचलताना आधी पहारीने कड वर घ्या, हात घालू नका. खाली विंचू असतो.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

भिंतीत किंवा पायात पिंपळ, वड, उंबर असेल तर वरून छाटून काही होत नाही आणि ओढून काढायला गेलात तर भिंत सुटते. जाणता गवंडी दगड मोकळे करून मूळ काढेल आणि परत भरेल.

उन्हाळ्यात ओला राहणारा पट्टा नळाच्या किंवा सेप्टिक टँकच्या लायनीवर असेल, वास येत असेल, फरशी खचत असेल तर प्लंबर. त्यावर उकळतं पाणी ओतत बसू नका. पाच-सातपेक्षा जास्त फरश्या उचलायच्या असतील तर गवंड्याकडेच द्या. ढाळ चुकला की पाणी घराकडे येतं.

लव्हाळा सगळ्या आवारात पसरलाय आणि औषध मारायचा विचार आहे, तर दुकानातून ग्लायफोसेट हे तणनाशक आणून स्वतः मारू नका. २०२२ मध्ये केंद्र सरकारने ते फक्त कीडनियंत्रण करणाऱ्यांमार्फतच वापरावं अशी अधिसूचना काढली आहे.

गवत गुडघाभर वाढलं असेल तर आधी लांब काठीने आपटा, मग पाय टाका. घोणस अशाच जागी पडून असते. साप दिसला की काम बंद, सर्पमित्राला फोन.

ज्यांनी मीठ आधीच टाकलंय

वर दिसणारे खडे आजच कोरडे झाडून उचला, पाणी मारू नका. कडेच्या वाफ्यातली वरची चार बोटं माती काढून टाका. ती दुसऱ्या झाडाला घालू नका. पाण्याला गटाराकडे जायची वाट करा आणि मगच पावसाचं किंवा नळाचं भरपूर गोडं पाणी त्या वाफ्यातून निचरू द्या. निचरा नसताना पाणी घातलंत तर मीठ नुसतं जागा बदलतं. बोअरचं पाणी खारट असेल तर ते यासाठी अजिबात नको. महिन्याभराने त्या मातीचा नमुना माती परीक्षणाला द्या. जिप्सम घालायचा की नाही आणि किती, ते त्या अहवालावरून ठरवा, अंदाजाने नाही. आमच्या मोगऱ्याची जागा सावरायला तीन पावसाळे लागले. कढीपत्ता तिथे अजून लावलेला नाही, तो परसात दुसऱ्या कोपऱ्यात लावलाय.